हैबतरावांनी पोथी अर्ध्यावर सोडली

आमच्या अण्णांबद्दल कुणी विचारलं की मी म्हणते, कुठले अण्णा सांगू? पोथी सोडायच्या आधीचे की नंतरचे? सत्तरी ओलांडलेला माणूस बदलत नाही असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे, आणि तेही त्यांच्या तोंडावर. त्या बाबतीत मी तोंडघशी पडले ते बरंच झालं.

आधीचे अण्णा आधी सांगते. नाव हैबतराव. शिक्षण चौथी. खांब गावाजवळ हायवे सोडून दोन किलोमीटर आत आमचं गाव. पावसाळ्यात भात, भात कापून झालं की त्याच शेतात वाल. एवढं सोडलं तर अण्णांच्या आयुष्यात मोठी गोष्ट एकच, देवळातली पोथी. श्रावणात एकदा आणि मार्गशीर्षात एकदा, सात-सात दिवस, संध्याकाळी दिवे लागले की पोथी बसते. आमच्याकडे ती दोघं मिळून वाचतात. एकजण ओवी वाचतो, तो वाचक. दुसरा शेजारी बसून त्या ओवीचा अर्थ आपल्या बोलीत सांगतो. अर्थ सांगायला दत्तात्रेय गुरुजी, शाळेतून रिटायर झालेले. आणि वाचक आमचे अण्णा, चाळीस वर्षं. तेवढ्या काळात किती सरपंच आले नि गेले, वाचक बदलला नाही.

पोथीचे नियम कडक. आंघोळ करून बसायचं. अक्षर चुकलं तर ओवी पहिल्यापासून. आणि एकदा पोथी उघडली की समाप्ती होईपर्यंत सोडायची नाही. अर्धी सोडली तर घरातलं माणूस जातं, असं आमच्या गावात मानतात. आता हे पोथीपुरतं ठेवलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण अण्णांनी ते घरातल्या सगळ्या छापील कागदाला लावलं! माझं भूगोलाचं पुस्तक असो नाहीतर बियाण्याचं माहितीपत्रक, अण्णांच्या लेखी ती पोथीच. जेवताना वाचायचं नाही, पडून वाचायचं नाही, पाय लागला तर नमस्कार, आणि उघडलं की शेवटापर्यंत जायचं. परिणाम काय झाला? मी शाळा सुटल्यावर पुस्तकच उघडलं नाही. उघडलं तर संपवायला लागेल ना! कोण ती कटकट मागे लावून घेईल?

मी दिपिका, त्यांची एकुलती एक. लग्न होऊन वरसेला आले, म्हणजे रोह्याला लागूनच. नवरा जितेश कंपनीत, शिफ्ट ड्युटी. मी पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळे काढते. मूर्ती रंगवून झाली की शेवटी डोळ्यांची आखणी करतात, ती मी करते. सकाळची एसटी पकडायची, संध्याकाळी परत. आणि आमची मनस्वी, हे झालं तेव्हा नऊ वर्षांची, चौथीत.

मनस्वीच्या वाचनाचं श्रेय घ्यायचं तर ते कारखान्यातल्या रद्दीला द्यायला हवं. मूर्ती बांधायला पोत्यांनी रद्दी येते. त्यात मुलांची मासिकं निघतात, गोष्टींची पुस्तकं निघतात. आमचे मालक विशालशेठ म्हणाले, "घेऊन जा दिपिकाताई, त्याच्या वजनाचा दुसरा कागद टाका म्हणजे झालं." मी आणायला लागले आणि पोरगी तुटून पडली. कुठल्या पुस्तकाला कव्हर नसायचं, कुठल्याची शेवटची दहा पानं गायब. तिला काही फरक पडत नव्हता. भुतांच्या गोष्टी, विनोद, शाळेतून पळून गेलेला फळा, काय वाट्टेल ते. आवडलं तर दहादा वाचायची, नाही आवडलं तर दोन पानांत फेकून द्यायची. झोपाळ्यावर, ताटावर बसून, पोटावर पडून. शेवट नसला की स्वतःच रचायची आणि मला सांगायची. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायचे. पुस्तक न उघडता मला गोष्टी मिळत होत्या, मी खूश होते.

अण्णा आले की त्यांच्या जिवाचा नुसता तळतळाट. "अर्धी पुस्तकं घरात आणतेस? उद्या अर्धे गणपती आणशील!" मनस्वीनं टाकलेलं प्रत्येक पुस्तक उचलून, कपाळाला लावून ठेवायचे आणि तिला विचारायचे, "पुरं केलंस काय गो?" ती म्हणायची, "नाय. बोअर आहे." अण्णा माझ्याकडे बघायचे. मी कणीक मळत राहायचे.

गेल्या वर्षीच्या श्रावणात अण्णांना पोथी दिसेना. मोतीबिंदू. ऑपरेशन पुढं ढकलत ढकलत आणलेलं. पोथी जुन्या छपाईची, शब्द एकमेकांना चिकटलेले, सरावाशिवाय कुणाला वाचता यायची नाही. गावातली तरुण पोरं कंपन्यांमध्ये. वाचक मिळेना. तेव्हा अण्णांना आठवली नात. मला फोन आला, "दिपे, मनस्वीला बसवू वाचायला. फडाफडा वाचते पोर. सात दिवसांचा तर प्रश्न हाय." आवाजात एवढा अभिमान की मला नाही म्हणवेना. आणि खरं सांगू? मला सोयीचंच होतं. गणपती तोंडावर आलेले, कारखान्यात डोळ्यांच्या रांगा लागलेल्या, घरी यायला मला आठ वाजायचे. पोरीला कुणीतरी सांभाळायला हवंच होतं, आठवडाभर शाळा बुडवून तिला गावाला पाठवली. म्हणून दोष एकट्या अण्णांचा नाही, अर्धा माझा आहे.

पुढचं मी पाहिलेलं नाही, नंतर गुरुजींकडून कळलं. पहिले दोन दिवस पोरगी मजेत होती. सगळे कौतुक करत होते, प्रसाद आधी तिला. तिसऱ्या दिवसापासून अडायला लागली. तिनं बरोबर नेलेली गोष्टींची पुस्तकं अण्णांनी कपाटात घालून कुलूप लावलं होतं, पोथी चालू असताना दुसरं पुस्तक हातात धरायचं नाही म्हणून. दुपारभर सराव. संध्याकाळी तीन तास मांडी घालून बसायचं. अक्षर चुकलं की अण्णा म्हणायचे, "पुन्हा." बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यांना ते गोड वाटत होतं. नऊ वर्षांच्या पोरीला ते गोड वाटत नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पाचव्या दिवशी लांबलचक अध्याय आला. एका ओवीवर ती तीनदा अडली. "पुन्हा," अण्णा म्हणाले. चौथ्यांदा अडली. "पुन्हा." पोरगी ताडकन उठली आणि भर देवळात म्हणाली, "मला नाय वाचायचं. मला कंटाळा आलाय." आणि अनवाणी पळत सुटली. अण्णा तिच्या मागे उठले, पायरीपर्यंत गेले, छातीला हात लावून खाली बसले आणि बसल्या जागी आडवे झाले.

आमच्या शेजारची विमलकाकू मनानं वाईट नाही, पण तिच्या तोंडाला झाकण नाही. आरडाओरडा ऐकून मनस्वी परत आली होती. तिच्यासमोरच काकू बोलली, "पोथी अर्ध्यावर टाकली गो पोरीनं! मागं हैबतदादांनी सोडली तेव्हा शकू गेली. आता दादाच चालले." शकू म्हणजे माझी आई.

अण्णा वाचले. रोह्याहून पनवेलला नेलं, स्टेंट घातली, आठ दिवसांनी घरी आणलं. डॉक्टर माझ्यावरच ओरडले, की हृदयाची नळी काय एका दिवसात चोंदलेली नाही, आणि छातीत दोन दिवस दुखत होतं तर पेशंट गप्प का होता? का म्हणजे काय, पोथी चालू होती म्हणून! म्हाताऱ्याला एवढं धरून हलवावंसं वाटलं मला. त्या गडबडीत मी, जितेश, सगळे अण्णांच्या मागे. मनस्वीकडे बघायला कुणाला सवड नव्हती. ती शहाण्यासारखी वागत होती, हट्ट नाही, पसारा नाही. मला वाटलं, पोरगी समजूतदार झाली. कप्पाळ माझं!

दिवाळीच्या आधी शाळेतून मैथिली मॅडमचा फोन आला. मी रजा टाकून गेले. त्यांनी माझ्यापुढं पेपर ठेवला. "उतारा वाचा आणि उत्तरे लिहा", त्याच्याखाली सगळं कोरं. गणित मात्र बरोबर. मॅडम म्हणाल्या, "वर्गात वाचायला उभी केली तर ओठ मिटून उभी राहते. वर्गात सगळ्यात जास्त वाचणारी मुलगी होती हो ही. घरी काही झालंय का?" मी म्हटलं, काही नाही.

घरी येऊन मी तिला एक ठेवून दिली. हो, दिली. दिवसाचा पगार गेलेला, मॅडमसमोर मान खाली गेलेली. "पेपर कोरा का ठेवलास? येत नाही का तुला?" ती रडली नाही. गालावर हात ठेवून म्हणाली, "सुरूच नाय केलं तर अर्धं राहणार नाय."

"म्हणजे?"

"मी वाचायला घेतलं आणि घंटा झाली, आणि राहिलं, तर? तू एसटीनं जातेस रोज. पप्पांची नाईट शिफ्ट असते." मग हळूच म्हणाली, "आजोबांचं झालं ना तसं."

दोन महिने. दोन महिने हे पोर दुकानाच्या पाटीवरूनसुद्धा नजर काढून घेत होतं, आम्हाला जिवंत ठेवायला. आणि मी तिच्या तोंडात मारली होती. त्या दिवशी मी स्वतःला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या आयुष्यात कुणाला घातल्या नसतील.

आम्ही समजावलं. जितेशनं कागदावर हृदय काढून, नळी काढून दाखवली. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. ती सगळ्याला मान हलवायची. मी तिच्या आवडीची पुस्तकं तिच्या उशाशी ठेवली, भुतांची, विनोदांची. सकाळी बघितलं तर तिनं ती ओढणीत बांधून पलंगाखाली सरकवलेली. विनोदाच्या पुस्तकालाही ती भ्यायला लागली होती. मोठ्या माणसांनी तिला मरणाची भीती घातली आणि मोठी माणसंच आता म्हणत होती की तसं काही नसतं. तिनं कुणावर विश्वास ठेवायचा?

रविवारी मी एकटी गावाला गेले ते भांडायलाच. अण्णा ओटीवर बसले होते, औषधांचा डबा शेजारी. मी चप्पलसुद्धा काढली नाही. "अण्णा, तुमची पोथी तुमच्यापाशी ठेवा! माझी पोर हसत वाचायची. खिदळत वाचायची. तुम्ही तिला काय करून ठेवलंत बघा येऊन." सगळं सांगितलं, कोरा पेपर, ओढणीत बांधलेली पुस्तकं, मी मारलेली थप्पडसुद्धा. मला वाटलं आता नियम सांगतील. नियम सांगितले असते तर मी परत त्या घरात पाऊल टाकलं नसतं.

ते म्हणाले, "मला पण तसंच वाटतंय ना, दिपे."

"काय वाटतंय?"

"शकू माझ्यामुळं गेली."

कोरोनाच्या वर्षी देवळं बंद होती. तरी अण्णांनी आणि गुरुजींनी, दोघंच, आत बसून पोथी धरली होती. चौथ्या दिवशी पोलीस पाटलांनी येऊन बंद करायला लावली. घरी आणून पुरी करू म्हणाले, तोवर आईला ताप भरला. पुढच्या पंधरा दिवसांत आई गेली. तेव्हा घरोघरी माणसं जात होती. पण अण्णांनी मनाशी हिशेब मांडला तो असा, आणि पाच वर्षं कुणापाशी बोलले नाहीत. मी त्यांना हट्टी म्हणत होते. ते हट्टी नव्हते, घाबरलेले होते. म्हणून तर पोरीच्या प्रत्येक टाकलेल्या पुस्तकाला कपाळ लावत फिरत होते. मला राग करायचा होता आणि रडू यायला लागलं. मग मी चप्पल काढली आणि ओटीवर त्यांच्याशेजारी बसले.

दत्तात्रेय गुरुजींना कळलं तेव्हा त्यांनी सरळ उपाय सांगितला. मार्गशीर्षातल्या पोथीला मनस्वीला बसवा, तिच्याकडून राहिलेले अध्याय पुरे करून घ्या, भीती आपोआप जाईल. मला पटलं. जितेशला पटलं. अण्णा म्हणाले, "नाय."

"का नाय?" मी परत चिडले.

"पुरी केली तर तिला काय कळेल? पुरी केली म्हणून आजोबा राहिला, असंच ना? मग जन्मभर जीव मुठीत धरून पुस्तकं पुरी करत बसेल. माझ्यासारखी." मग म्हणाले, "तिला दुसरं काय तरी दिसायला पायजे."

काय ते त्यांनी सांगितलं नाही. दिवाळीनंतर गपचूप डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, एवढंच.

मार्गशीर्षात पोथी बसली तेव्हा अण्णांनी आम्हाला तिघांना बोलावून घेतलं. मनस्वी देवळात पाऊल टाकेना. जितेशनं तिला उचलून आणली, ती त्याच्या गळ्यात हात घालून दाराशीच बसली. वीस-पंचवीस माणसं असतील. अण्णांनी पोथीला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, वाचायला लागले. इतक्या दिवसांनी त्यांचा तो खणखणीत आवाज ऐकून बायका खूश झाल्या. आठ-दहा ओव्या झाल्या. आणि एका ओवीच्या मध्यावर, पहिल्या दोन ओळी वाचून, अण्णा थांबले. गुरुजी अर्थ सांगायला तोंड उघडून बसले होते ते तसेच. अण्णांनी पोथी मिटली.

"मला कंटाळा आला," ते म्हणाले. "मी काय आता वाचत नाय."

आधी बोलली ती विमलकाकूच, दुसरं कोण. "अहो दादा, काय करता हे! ओवी तरी पुरी करा!"

"नाय करत. काय व्हायचं ते मला होऊ दे. मी हितंच हाय, बघा सगळी." पोथीचं फडकं बांधताना त्यांच्याकडून गाठ दोनदा सुटली. गुरुजींचा चेहरा लालबुंद. ते म्हणाले, "हैबतराव, या जागेवर परत बसता येणार नाही तुम्हाला." अण्णा म्हणाले, "माहीत हाय." पोथी गुरुजींच्या पुढ्यात ठेवून ते उठले आणि दाराशी आले. खोटं कशाला बोलू, नियमांवर तोंड टाकणारी मी, त्या वेळी मनात म्हणत होते, अण्णा, पुरी करा, पुरी करून टाका. मनस्वीनं तर डोळे गच्च मिटून घेतले होते.

अण्णा तिच्यापुढं उकिडवे बसले. "मी तुझ्याकडं राहायला येतोय. आठ दिवस. तू माझ्यावर लक्ष ठेव."

आणि तिनं ठेवलं! सकाळी उठली की आधी आजोबांच्या नाकासमोर बोट धरून बघायची. गोळ्या मोजून द्यायची. अण्णा मोरीत गेले की बाहेर उभी, "आजोबा, आहात ना?" आतून आवाज, "हाय गो, हाय. आंघोळ तरी करू दे." मला हसू यायचं. एकदा मी अण्णांना स्वयंपाकघरात स्वतःचीच नाडी धरून उभे असलेलं बघितलं. "भीती वाटते?" मी विचारलं.

"वाटते ना. मरायची नाय. पण ह्या आठ दिवसांत कशानं पण मेलो, पाय घसरून मेलो, तरी ही पोर परत पुस्तकाला हात लावायची नाय. त्याची वाटते."

ते ऐकल्यापासून मीही मोरीतली फरशी दोनदा पुसायला लागले.

तिसऱ्या दिवशी अण्णांना खोकला झाला. रात्री अंगात कसकस. सकाळी मनस्वीनं त्यांच्या कपाळाला हात लावला आणि पांढरीफटक पडली. "आजोबा, ती ओवी पुरी करा ना. एकच ओवी. मी पोथी आणते. पप्पांना सांगते आणायला." त्यांच्या पायाला धरून रडायला लागली. मीही म्हटलं, "अण्णा, आता पुरे, करून टाका." अण्णा उठून बसले आणि माझ्यावरच खेकसले, "थंडीचा खोकला हाय! पोथी बसलेय तिकडं गावात, तिला काय माहीत मी वरसेला खोकतोय?" डॉक्टरकडे नेलं. औषध आणलं. दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि मी देवापुढं दिवा लावला, आता त्याला काय म्हणायचं ते म्हणा.

पडून पडून अण्णा कंटाळले. पलंगाखालची ओढणी त्यांनी ओढून काढली आणि तिची पुस्तकं वाचायला घेतली. पडून! भुतांचं घेतलं, चार पानं वाचली, "ह्याच्यापेक्षा आमच्या गावची भुतं बरी," म्हणून टाकून दिलं. दुसरं घेतलं, पेज पिता पिता वाचलं, वर पेजेचा डाग पाडला, तेही टाकलं. प्रत्येक टाकलेल्या पुस्तकाबरोबर मनस्वी त्यांच्या छातीकडे बघायची. छाती वरखाली होत होती. टाकलेली पुस्तकं जमिनीवर पसरली होती आणि ती कुणी उचलून कपाळाला लावत नव्हतं.

सहाव्या दिवशी मी पेणहून येताना रद्दीतलं एक पुस्तक आणलं. एका म्हशीला चष्मा लागतो आणि तिला पहिल्यांदाच दिसतं की मालक दुधात पाणी घालतो. मग ती धार काढताना मान वळवून त्याच्याकडे बघत राहते. एवढीच गोष्ट. मी स्वयंपाकाला लागले तर आतून अण्णांचं हसू ऐकू आलं. हसू, मग खोकला, मग परत हसू. मनस्वी घाबरून दारात धावली. "काय झालं?"

"मालक म्हशीला म्हणतोय, माझ्याकडं काय बघतेस, पुढं बघ!" अण्णा डोळे पुसत म्हणाले. "चाळीस वर्षं वाचतोय गो मी. वाचताना कधी हसलो नव्हतो."

"मग म्हैस काय म्हणाली?"

"तू बघ वाचून."

"नको."

अण्णांनी आग्रह केला नाही. मोठ्यानं वाचायला लागले. ती दारात उभी राहून ऐकत होती, मग उंबऱ्यावर बसली, मग पलंगाच्या पायथ्याशी.

आठवा दिवस रविवारचा. अण्णा गॅलरीत उन्हाला बसून तीच म्हैस पुन्हा वाचत होते. मी कपडे वाळत घालत होते. मनस्वी आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"आजोबा, आठ दिवस झाले. तुम्हाला काय नाय झालं."

"नाय झालं."

"म्हणजे मी पळाले म्हणून तुम्हाला अटॅक नव्हता आला."

"नव्हता. नळी चोंदली होती, म्हणून आला."

मला वाटलं बोलणं संपलं, मी वाकून बादलीतला शर्ट उचलला. तेवढ्यात ती म्हणाली, "मग आजीलापण तुमच्यामुळं काय नव्हतं झालं."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. आईला प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेली, आम्हाला लांब उभं केलं, तेव्हाही या माणसाच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं. आता ते दोन्ही हातांत तोंड धरून हमसाहमशी रडायला लागले, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असे. पुस्तक मांडीवरून खाली पडलं. मी ओला शर्ट हातात घेऊन तशीच उभी.

मनस्वीनं पुस्तक उचललं, पान शोधलं आणि त्यांच्या खुर्चीला टेकून बसली. "तुम्ही रडा, आजोबा," ती म्हणाली. "मी वाचते पुढचं."